गावाचं हवामान-काम आणि देणगीचा पैसा : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बचत गटाच्या ताई, पाणलोट समितीचे अध्यक्ष, नव्याने निवडून आलेल्या सरपंच आणि पुण्या-मुंबईत नोकरी करून गावासाठी काहीतरी करू बघणारी पोरं. या मंडळींचे प्रस्ताव लिहायला मदत करताना जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एका जागी ठेवले आहेत. उत्तरं महाराष्ट्र डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. कायद्याचा भाग गरजेपुरता आहे. कुठेही सही करण्याआधी आपल्या सीएला विचारा.

नेट झिरो म्हणजे काय? आमच्या कोरडवाहू गावाचा त्याच्याशी काय संबंध?

हवेत जेवढा कार्बन सोडला तेवढाच परत शोषला गेला, म्हणजे हिशेब शून्यावर आला, की त्याला नेट झिरो म्हणतात. भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत त्यासाठी २०७० साल जाहीर केलं. मुंबई महापालिकेने २०२२ च्या हवामान कृती आराखड्यात स्वतःसाठी २०५० धरलं.

तुमच्या गावाने हवेत सोडलेला कार्बन या हिशेबात दिसणारही नाही, एवढा कमी आहे. तरी संबंध दोन बाजूंनी येतो. पाऊस उशिरा येतो, मग एकदम कोसळतो आणि सोयाबीन काढणीला आलं की पुन्हा येतो. त्याची किंमत तुम्ही आधीच मोजताय. दुसरी बाजू कमी बोलली जाते. कोळशाची वीज कमी करायची तर सौर आणि पवन वीज लागते. त्यांना जमीन लागते, आणि जमीन गावाकडेच आहे.

मग ‘न्याय्य संक्रमण’ हा शब्द प्रत्येक प्रस्तावात का मागतात? नुसता सजावटीचा आहे का?

न्याय्य संक्रमण म्हणजे हवामानासाठीचा बदल कोणावर अन्याय न करता घडवणं. बऱ्याच प्रस्तावांत हा शब्द सजावटीचाच असतो. पण त्यामागचा प्रश्न खरा आहे. बदल सगळ्यांच्या भल्याचा असला तरी त्याची झळ कोणाला बसते?

गायरानाचं उदाहरण घ्या. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. त्यात खाजगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ अशी तरतूद आहे. खडकाळ जमीन पडून असलेल्या शेतकऱ्याला हा सौदा वाईट नाही. पण भाडं मिळतं ते सातबारावर नाव असलेल्याला. मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या गायरान कसणारी दलित आणि भूमिहीन कुटुंबं आहेत. त्यांचं नाव कागदावर नाही. नाव लागावं म्हणून त्यांचा लढा चालू आहे. सौर प्रकल्पासाठी त्या गायरानाला कुंपण पडलं की त्यांच्या हाती भाडंही येत नाही आणि पीकही जातं. त्याच गायरानावर शेळ्या चारणाऱ्या विधवेचं नाव तर कुठल्याच यादीत नसतं.

पाणलोटाच्या कामातही हेच होतं. माथ्यापासून पायथ्याकडे काम करायचं म्हणजे आधी डोंगरावर समतल चर आणि चराईबंदी, मग खाली नालाबांध. पाणी वाढतं ते पायथ्याच्या विहिरींना, आणि विहिरी असतात बागायतदारांच्या. चराईबंदीची झळ बसते मेंढपाळाला. दोघांनीही श्रमदानात घमेली उचललेली असतात.

तिसरं उदाहरण चंद्रपूरचं. २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आणि भोवतीच्या कोळसा खाणी, यांवर शहराचं पोट चालतं आणि धुळीने छातीही भरते. कधीतरी हे संच बंद होतील. तेव्हा कायम कामगाराला निवृत्तिवेतन असेल. पण कंत्राटी कोळसा कामगार, ट्रकचा क्लीनर, खाणीच्या फाटकाबाहेरची चहाची टपरी यांच्यासाठी काय? ‘न्याय्य’ हा शब्द या माणसांसाठी आहे. प्रस्तावात तो वापरायचा असेल तर तुमच्या गावात हा माणूस कोण, ते त्याच्या घरी जाऊन आधी शोधा.

देणगीचा पैसा येतो तरी कुठून?

मुख्य झरे चार.

पहिला सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एक तरी मर्यादा गाठतो, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. त्याला दान म्हणणं जरा जास्तच होतं. ती कायद्याने घातलेली जबाबदारी आहे. मागायला जाताना खांदे पाडू नका. पर्यावरणाचं काम त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे चालणाऱ्या कामांच्या यादीत, बसतं.

दुसरा झरा जुने-नवे धर्मादाय न्यास. टाटांची परंपरा १८९२ पासूनची आहे. आता हवामान हाच विषय घेणारे गटही झाले आहेत. इंडिया क्लायमेट कोलॅबरेटिव्ह २०२० मध्ये सुरू झाला. तिसरा परदेशी देणगीदार आणि चौथा तुमच्याआमच्यासारखी माणसं. चौथ्याला सगळे हसतात, पण अहवाल न मागणारा पैसा तेवढाच असतो.

आमचा फक्त बचत गट आहे, संस्था नाही. आम्हाला सीएसआर मिळेल का?

थेट तुमच्या खात्यावर प्रकल्प येणं अवघड आहे. कंपनी ज्या बाहेरच्या संस्थेमार्फत काम करते ती साधारणपणे कलम ८ ची (नफा न वाटणारी) कंपनी, नोंदणीकृत न्यास किंवा सोसायटी असावी लागते. तिच्याकडे १२ए आणि ८०जी या नावांनी ओळखली जाणारी प्राप्तिकराची मान्यता आणि सीएसआर-१ नोंदणी क्रमांक लागतो. हा क्रमांक १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. संस्था नव्याने काढली तर कामाचा तीन वर्षांचा अनुभवही पाहतात.

पण एक दार उघडं आहे, ते फार थोड्यांना माहीत असतं. सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता, म्हणजे पंप, शीतगृह, गिरणी, लाभार्थींच्या बचत गटाच्या किंवा समूहाच्या नावावर ठेवता येते. पैसा मोठ्या संस्थेमार्फत येऊ दे, वस्तू तुमच्या नावावर करून घ्या. करारात हे वाक्य नसेल तर तीन वर्षांनी पंप कोणाचा यावरून भांडण ठरलेलं.

शेतकरी उत्पादक कंपनी चालेल का?

अंमलबजावणी करणारी संस्था म्हणून नाही. ती सभासदांना नफा वाटू शकते, त्यामुळे वरच्या यादीत बसत नाही. लाभार्थी म्हणून चालते.

माझा भाचा अमेरिकेत आहे. त्याच्या महाराष्ट्र मंडळातली मंडळी गावच्या तळ्यासाठी पैसे पाठवणार आहेत. संस्थेच्या खात्यावर घेऊ का?

थांबा. आधी विचारा, पासपोर्ट कोणता? भाच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरली जाते, मग तो ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणाऱ्या) कार्डाचा धारक का असेना, आणि दर दिवाळीला गावी का येत असेना. मंडळाच्या खात्यातून आलेला पैसाही परदेशीच. त्यासाठी २०१० च्या परदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावा लागतो.

२०२० च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी बदलल्या. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. आणि एका संस्थेने आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. पूर्वी पुण्याच्या मोठ्या संस्थेकडून किनवटच्या किंवा धडगावच्या छोट्या संस्थेपर्यंत पैसा झिरपायचा. तो झिरपा आटला. या बदलाचा सगळ्यात मोठा फटका छोट्यांना बसला असं माझं मत आहे.

आमच्या जिल्ह्यात पैसा का येत नाही? सगळं पुण्यालाच कसं?

कारण कायदाच सांगतो की कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. कारखाने चाकणला, म्हणून पैसाही मावळ-मुळशीला. सीएसआरचा सर्वाधिक पैसा देशात महाराष्ट्राला मिळतो, पण हिंगोलीच्या माणसाला त्या आकड्याचा उपयोग नाही.

नंदुरबार, वाशिम, धाराशिव आणि गडचिरोली हे चार केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहेत. तिथे असाल तर हे प्रस्तावाच्या पहिल्याच ओळीत लिहा. काही कंपन्या त्यासाठी वेगळी रक्कम ठेवतात.

पैसे मिळाले तर पहिल्यांदा कशावर खर्च करावेत?

माणसावर. हे उत्तर कोणालाच आवडत नाही. देणगीदाराला फलक लावता येईल अशी वस्तू हवी असते आणि गावालाही ट्रॅक्टर दिसतो तसा कार्यकर्ता दिसत नाही. पण आजवर जे टिकलं ते पाहा.

गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल राखायचा आणि वापरायचा गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला. २०११ पासून गाव स्वतःच्या परवान्यावर बांबू विकू लागलं. त्याआधी कितीतरी वर्षं तिथे अभ्यास गट चालत होते. गावचे देवाजी तोफा, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी एकेक कायदा वाचत बसत होते, निर्णय सर्वसहमतीने घेत होते. बसून वाचण्याच्या त्या कामाला कुठल्या प्रस्तावात रकाना आहे, सांगा बरं. बांबूचं उत्पन्न मात्र त्यातूनच उगवलं.

धुळ्याच्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा पाहा. चैत्राम पवारांसोबत गावाने कुऱ्हाडबंदी केली, दंड ठरवला, राखण बसवली, आणि चारशेहून जास्त हेक्टर जंगल परत उभं राहिलं. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. हा सगळा खटाटोप मोठ्या देणगीवर उभा नव्हता.

किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर ज्या कामातून स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आकाराला आली, तिने पुढे दुष्काळी भागात बायकांना घरच्या शेतातला एक एकर मागायला शिकवलं. नगदी पिकाऐवजी त्या एकरात भाजी, डाळ, ज्वारी, थोड्या पाण्यावर. या कामाला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. बियाणं आणि खत यांचा खर्च किरकोळ. अवघड होतं ते नवऱ्याकडून, सासऱ्याकडून तो एकर मिळवणं. त्यासाठी गावातलीच एखादी बाई घरोघर जावी लागते, आणि तिला मानधन द्यावं लागतं.

वस्तू लागतच नाहीत असं नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनातून पर्यटकांना होडीने फिरवतात. होडी नसती तर काय फिरवलं असतं! पण कुठला पक्षी कधी दिसतो आणि कांदळवन का राखायचं, हे शिकण्यात गेलेले दिवसही तितकेच मोलाचे होते.

पण कंपनी म्हणते, प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांवर देता येत नाही. मग कार्यकर्त्याचा पगार कसा बसवायचा?

हा गैरसमज इतका पसरला आहे की कंपन्यांची माणसंही तो खरा मानून चालतात. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. प्रकल्पावर थेट काम करणाऱ्या माणसाचं मानधन हा प्रकल्पाचा खर्च आहे. अंदाजपत्रकात ‘प्रशासन’ असं मोघम लिहू नका. ‘गाव कार्यकर्ती, दोन, बारा महिने, विहिरींची पातळी नोंदणे आणि बैठका’ असं लिहा. नाव नीट दिलं की तोच पैसा मंजूर होतो.

सरकारी योजना असताना देणगी कशाला मागायची?

मागूच नका, योजनेत बसत असेल तर. घरावर सौर पॅनल लावायला पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट किंवा अधिक क्षमतेसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने १० टक्के भरायचे. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५. खाणबाधित गाव असेल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे जा. २०१५ च्या बदलानंतर खाणमालकाला स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या), खाणपट्टा जुना की नवा यावरून, ३० टक्के किंवा १० टक्के जादा रक्कम तिथे भरावी लागते. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरच्या गावांसाठी ही रक्कम कुठल्याही देणगीपेक्षा मोठी असते.

देणगी वापरायची ती या दारापर्यंत पोचायला. ५ टक्के भरायलाही ज्याच्याकडे नाहीत त्याचे भरायला. वनहक्काचा दावा टंकून, नकाशा जोडून, उपविभागीय समितीसमोर चार वेळा जायच्या एसटी भाड्याला. लाखभराची देणगी अशी लागली तर तिच्या मागून कितीतरी पट सरकारी पैसा येतो.

सौर पंप आला. वीजबिल शून्य. अजून काय हवं?

पाण्याचा हिशेब हवा. बिल नसलं की पंप दिवसभर चालतो, आणि बोअर खाली-खाली जातो. कार्बनच्या कागदावर गाव शाबास ठरतं आणि मे महिन्यात टँकर मागवतं. हिवरे बाजारात सरपंच पोपटराव पवारांच्या काळात गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, उसावर बंधन घातलं आणि दरवर्षी पावसाचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. ही शिस्त आधी, पंप नंतर. ग्रामसभेचा असा ठराव नसेल तर सामूहिक सौर पंपाला पैसे देऊच नयेत, असं मी देणगीदारांना सांगतो. त्यामुळे एकदोन गावं माझ्यावर रुसलीही आहेत.

लोकवाटा का मागतात? गरिबांकडून पैसे घेणं बरोबर आहे का?

फुकट आलेल्या बांधाची गळती कोणी बुजवत नाही, हा जुना अनुभव. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) भागात सुरू झालेल्या भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमाने नव्वदच्या दशकात श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करणाऱ्या गावांनाच निवडलं, आणि ती चाल पुढे राज्यभर पसरली.

पण श्रमदान सगळ्यांना सारखं स्वस्त नसतं. दहा एकरवाला एक दिवस घमेलं उचलतो तेव्हा फोटो निघतो. रोजंदारीवाली उचलते तेव्हा तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून लोकवाटा जमिनीच्या प्रमाणात ठेवा आणि भूमिहीनांना श्रमदानातून मोकळं करा. उलट कामावर मजुरी द्या. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचाही विचार करा. ऑक्टोबरनंतर अर्धं गाव कारखान्यावर असताना घेतलेली ग्रामसभा ही उरलेल्यांची सभा असते.

कार्बन क्रेडिटवाले आले आहेत. झाडं लावा, पैसे घ्या म्हणतात. सही करू?

कार्बन क्रेडिट म्हणजे झाडांनी शोषलेल्या कार्बनच्या हिशेबावर मिळणारं, विकता येणारं प्रमाणपत्र. तीन गोष्टी मराठीत लेखी मागा. करार किती वर्षांचा? क्रेडिट विकल्यावर शेतकऱ्याला किती वाटा, आणि तो कोणत्या वर्षापासून? झाडं वाळली, वणवा लागला, तर जबाबदार कोण? असे करार वीस, तीस वर्षांचेही असतात. आज सही करणारे आजोबा, निभावणार नातू. सामूहिक जंगलाचा प्रश्न असेल तर सरपंचाची सही पुरत नाही, ग्रामसभेचा निर्णय लागतो. मराठी प्रत द्यायला टाळाटाळ झाली की चहा पाजून पाठवून द्या.

एक लाख झाडं लावायचा प्रस्ताव द्यावा का?

नको. दहा हजार लिहा आणि तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचा खर्च धरा.

अहवाल इंग्रजीत द्यावा लागतो. आमच्याकडे कोणी नाही.

नोंदी मराठीतच ठेवा: हजेरीपट, बैठकीची वही, विहिरींच्या पातळीचा तक्ता, पावत्या. अहवाल कोणीही भाषांतरित करेल. नोंद मागाहून तयार करता येत नाही, आणि केली तर ती ओळखू येते. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, सीएकडून वेळेत घ्या. दुसरा हप्ता बहुतेक वेळा तिथेच अडतो. आकड्यांसोबत ज्यांचं नुकसान झालं त्यांचीही नोंद ठेवा: चराई बंद झालेली किती घरं, त्यांना चारा कुठून मिळाला. चांगला देणगीदार हे वाचून पैसे थांबवत नाही.

प्रकल्प संपला, पंप बिघडला. आता?

हा प्रश्न फोनवर बहुधा उन्हाळ्यात येतो आणि तोवर उशीर झालेला असतो. पहिल्या महिन्यापासून पाणीपट्टीतून थोडी रक्कम वेगळ्या खात्यावर टाका, दोन महिला सदस्यांच्या सहीने. वॉरंटीचा कागद पंपघरात नको, उंदीर खातात. ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा. आणि गावातल्या एका मुलाला, जमलं तर मुलीला, दुरुस्ती शिकवायचा खर्च मूळ प्रस्तावातच घाला. तालुक्याहून मेकॅनिक यायची वाट पाहण्यात एक पीक जातं.

देणगीदार गाव बघायला येणार आहेत. तयारी काय करू?

रांगोळी काढायचीच असेल तर काढा. शाळा सोडून मुलांना रांगेत उभं करू नका. बोलणारे तीनच जण नेहमीचे नकोत; ज्या मेंढपाळाचा चराईबंदीला विरोध होता त्यालाही बोलवा आणि त्याला बोलू द्या. गळणारा बांधही दाखवा, तो का गळतो ते सांगा. जेवायला पिठलं-भाकरी पुरे. फेटे आणि शालींचा खर्च प्रकल्पाच्या वहीत लिहू नका, सीए तो खोडतो आणि मग वर्गणी काढायची वेळ येते.